विरजणाला घातलेली साद

ग्यूरीनं बर्गन शहरातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं नोकरी केली. आपलं बोलणं शेजारच्या खुर्चीवरच्या बाईलाही कळता कामा नये, हे तिला तिथं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तो दबका आवाज तिच्या इतका अंगवळणी पडला, की बेकरीत ती पाव मागायची तेव्हा दुकानदाराला काउंटरवरून पुढे वाकावं लागे. तिनं लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. दोन पेट्या आणि शिवणाचं मशीन घेऊन ती डोंगरउतारावरच्या घरी, वडिलांकडे, परत आली.

वडील, ओडमुन, ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या हातांना कंप सुटला होता आणि बोटांच्या टोकांना गरम-गार कळेनासं झालं होतं. आईचं दुखणं आणि त्यानंतरचा काळ धरून चार नाताळ घरात बिअर झाली नव्हती. त्या खोऱ्यात ही साधी गोष्ट नव्हे.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी ओडमुननी माळ्यावरून तागाची एक पिशवी खाली आणली आणि टेबलावर रिकामी केली. आत लाकडाच्या कड्यांची हातभर लांब माळ होती. कड्यांच्या खाचाखाचांत काहीतरी तपकिरी, वाळलेलं, झाडाच्या सालीसारखं चिकटलेलं होतं.

"हे आपलं क्वेइक," ते म्हणाले. "घरचं विरजण. माझ्या आईनं मला दिलं, तिला तिच्या सासूनं. त्याच्या मागचं मला माहीत नाही."

"लावलं कुणी होतं मुळात?"

"लावलं कुणीच नाही. ठेवलं सगळ्यांनी." त्यांनी एक कडं नखानं खरवडून वास घेतला. "चार वर्षं झोपलंय. यंदा उठलं नाही तर संपलं."

"समोरच्या उतारावरच्या आस्लाककाकांकडून आणू की थोडं."

"आस्लाकचं सतरा वर्षांपूर्वीच आंबट झालं. लाजेनं कुणाला बोलला नाही. तेव्हापासून शहरातल्या दुकानातून पुड्या आणतो." मग ते म्हणाले, "या खोऱ्यात एवढंच उरलंय, ग्यूरी. माझे हात चालत नाहीत. तुला करावं लागेल."

तिनं आयुष्यात कधी बिअर केली नव्हती. ते शिकायचं होतं धाकट्या भावानं. पण तो जहाजावर गेला आणि ऑस्ट्रेलियात राहिला.

शनिवारी पहाटेच तिनं अंगणापलीकडच्या चुलीच्या घरात तांब्याचा हंडा चढवला. जुनिपरच्या फांद्या घालून पाणी उकळलं तशी सगळी खोली रानासारखी हिरवी, तिखट वासानं भरली. ओडमुन स्टुलावर बसून सांगत होते आणि ती करत होती. मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव तिनं त्या पाण्यात कालवले, पिंपाच्या तळाशी फांद्या अंथरून त्यातून गोड रस गाळला आणि तो हॉप्सची फुलं घालून पुन्हा उकळला.

"किती वेळ उकळू?"

"झालं असं वाटेपर्यंत."

"बाबा, मिनिटांत सांगा."

"माझ्या आईकडे घड्याळ नव्हतं. चर्चचा डोंगर होता. सूर्य तिथं आला की उतरवायची. आज ढग आहेत, तर तू तुझं घड्याळ बघ."

रस लाकडी पिंपात ओतून पिंपाभोवती बर्फ रचला. आता तो विरजणाजोगता कधी होतो ते ओळखायचं होतं. ओडमुननी सवयीनं बोट बुडवलं आणि पुसलं. त्यांना काही कळलं नव्हतं.

"कासेतून नुकतं काढलेलं दूध जितकं कोमट, तितकं," ते म्हणाले. "बघ तू."

ग्यूरीनं बाही वर करून कोपर बुडवलं. घर सोडून गेली त्या वर्षापर्यंत ती रोज सकाळी सहा गाई पिळत होती. पस्तीस वर्षांत ती आठवण तिच्या मनातून गेली होती, पण कोपरातून गेली नव्हती. दोनदा तिनं मान हलवली. तिसऱ्यांदा म्हणाली, "हे दूध आहे."

"टाक मग. आणि ओरड."

हे तिला माहीत होतं. विरजण पिंपात पडताना जो टाकेल त्यानं पोटातून आरोळी ठोकायची. आवाज जितका मोठा, तितका बिअरला जोर. लहानपणी वडिलांच्या आरोळीनं ती दचकून आईच्या झग्यात तोंड लपवायची. आता वडील चुलीत लाकूड सारायला वळले होते. तिनं माळ पिंपात सोडली, वाकली आणि लाजत म्हणाली, "होई."

दुपारचा एक वाजला होता. चार तासांत फेस दिसायला हवा, असं ओडमुन म्हणाले होते. पाच वाजता तिनं झाकण उचललं. रस काळा आणि स्थिर होता, त्यात तिचाच चेहरा दिसत होता. साडेसहालाही तसाच. ओडमुन कान पिंपाला लावून बराच वेळ बसले. उठले तेव्हा ते एकाएकी फार म्हातारे दिसले.

"तू ओरडलीस ना?"

"ओरडले."

"मी इथंच होतो. मला ऐकू आलं नाही."

"तुम्हाला कमी ऐकू येतं, बाबा."

"आस्लाकला नाही कमी ऐकू येत. त्याच्या कुत्र्यालाही नाही. कोणी भुंकलं?"

तिनं वर केलेली बाही खाली ओढली.

"टेलिफोनवर नाहीस तू, पोरी. ते झोपलंय. कुजबुजून कोण उठतं?"

ग्यूरीनं दार सताड उघडलं. झाकण काढलं, पिंपाच्या काठांना धरलं. पहिल्यांदा घशातून नुसती हवा आली. मग तिला आईचा आवाज आठवला, वरच्या कुरणातून शेळ्यांना हाक मारतानाचा. बारीक सुरू होऊन डोंगर चढत जाणारा. तिनं श्वास भरला आणि ती हाक घातली. हंड्याचं तांबं झणझणलं. हाक दारातून बाहेर पडली, खोरं ओलांडून समोरच्या कड्यावर आपटली आणि परत आली, तेव्हा ती आपलीच आहे हे तिला पटेना. पलीकडच्या उतारावर कुत्रं भुंकू लागलं. एक दार उघडल्याचा उजेड दिसला.

"हं," ओडमुन म्हणाले. "आता जेवून घेऊ."

चार वर्षांच्या झोपेतून उठायला वेळ लागणारच होता, हाकेशी त्याचा काय संबंध, असं कुणीही म्हणेल. ग्यूरीही तसंच म्हणाली असती. पण रविवारी सकाळी ती अंगण ओलांडून गेली, तेव्हा दाराबाहेरच तिला आवाज आला. तव्यावर लोणी चुरचुरावं तसा, अखंड. तिनं दार ढकललं. फेसानं झाकण वर उचललं होतं आणि तो पिंपाच्या अंगावरून खाली उतरत होता, पिवळसर, जाड, संत्र्याच्या सालीच्या वासाचा. तिनं पिंपाला हात लावला. ते उबदार होतं, गाईच्या पोटासारखं. जिनं हे पहिल्यांदा पाहिलं तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तिच्या पिंपात हेच उकळत होतं, हेच, तुटलं नव्हतं. ग्यूरी चर्चमध्ये उभी राहते तशी तिथं उभी राहिली. ओडमुन काठी टेकत आले, त्यांनी पाहिलं आणि टोपी काढून हातात धरली.

मंगळवारी बिअर गाळायची होती. बोलावणं कुणालाच धाडलं नव्हतं, पण आस्लाक दिवस मोजून बरोबर वेळेला दारात हजर झाला. त्याच्या काखेत सुकवलेलं मेंढीचं मांस होतं.

"शनिवारी सोफ्यावर डुलकी लागली होती," तो म्हणाला. "वाटलं ओडमुनची आई परत आली. कुत्रं अजून सोफ्याखाली आहे."

"बस आणि पी," ओडमुन म्हणाले.

त्यानं लाकडी वाडगा दोन्ही हातांनी उचलला, एक घोट घेतला आणि जमिनीकडे पाहत राहिला. मग कोटाच्या खिशातून त्यानं झाकणाची रिकामी बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. त्याचे कान लाल झाले होते.

"माझं कधीच गेलंय," तो म्हणाला. "तुला माहीत असेल."

"मला काय विचारतोस?" ओडमुन म्हणाले. "तिला विचार. विरजण तिचं आहे."

ग्यूरीनं फेसाची दाट साय बरणीत भरली आणि झाकण घट्ट लावलं.

"टाकताना ओरडावं लागेल, काका," ती म्हणाली. "मला इथं ऐकू यायला हवं."

"काय म्हणालीस?"

तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

अकरा दिवसांनी दुपारी ती खिडकीशी बसून विणत होती. समोरच्या उतारावरून एक चिरकी, भेदरलेली आरोळी आली. माळ्याच्या तुळईवर कड्यांची माळ नव्या सायीनिशी वाळत टांगली होती. ग्यूरीनं सुया मांडीवर ठेवल्या, दार उघडलं आणि उत्तर दिलं.