ओलं बोट

सोलापुरातून पौडला आलो तेव्हा सामानात दोन कपडे, एक चादर आणि मागावरची कात्री होती. सत्तरचं दशक सरत आलं होतं. सातवीत शाळा सुटली ती मागावर बसायला; पुढे मागच बंद पडला. तुटले धागे सांधायला माझा हात बरा, एवढ्याच शिफारशीवर इथल्या शेडमध्ये मला काम मिळालं. महिनाभर बघू, असं ठरलं होतं.

काम बाईंचं. बाई शास्त्रज्ञ; क्ष-किरण टिपणारी पेटी बनवत होत्या. वहीएवढ्या चौकटीवर दोन-दोन मिलिमीटरवर तारा ताणायच्या, केसाहून कितीतरी बारीक. मग पेटी बंद करून आत वायू सोडायचा.

"किरणाचा एक कण आत आला, की जवळच्या तारेवर विजेचा एक ठोका," बाई सांगत. "तो मोजायचा. फिल्म धुवायची नाही, वाट बघायची नाही. चित्र समोर!"

मला निम्मं कळे. अंगावर काटा मात्र पुरा येई.

वायूची नळकांडी सांभाळणारे मामा जवळच्याच माले गावचे. मला तारा ओढताना बघून म्हणाले, "पाव्हणं, लुगडं कवा उतरतंय? आमच्या मालकिणीला नऊवारी लागतंय, आधीच सांगतो."

चौकट भरली. बाईंनी व्होल्टेज चढवलं आणि सातव्या तारेपाशी चट् चट् ठिणग्या! पेटी उघडली. भिंगाखाली तारेवर वाळलेला ठिपका.

ती तार निसटत होती म्हणून मी हातमोजा काढला होता आणि...

"बाई, मी थुंकी लावली. धागा सांधताना आम्ही बोट ओलं करतो. कळलंच नाही."

मामा खो खो हसले. बाई हसल्या नाहीत.

"थुंकीत मीठ असतं. त्यावरून वीज पळते."

"मग मी जाऊ?"

"कुठं?"

"सोलापूरला."

"आणि सातवी तार कोण बदलणार? मी?"

माझे डोळेच भरून आले. मामा म्हणाले, "बाई, मळणीच्या बैलाला मुसकी घालत्यात, तशी घाला ह्याला."

खरंच तोंडावर फडकं बांधून बसलो. बोट चारदा तोंडाकडे गेलं, चारदा फडक्यावर आपटलं.

व्होल्टेज पुन्हा चढलं. ठिणगी नाही! बाईंनी पेटीसमोर क्ष-किरण सोडणारी डबी धरली. मधे ठेवायला काहीतरी द्या म्हणाल्या. मी कात्री दिली. पेटीला जोडलेल्या पडद्यावर एक हिरवा ठिपका, मग दुसरा, मग पावसासारखे. बघता बघता त्यांच्या मधोमध काळोख उरला: दोन कड्या, दोन पाती.

"आरं, ही तर ह्याची कातर!" मामा ओरडले. "लई भारी!"

बाईंनी टाळीच वाजवली. "पुढची चौकट दुप्पट मोठी. सोमवारी बसाल ना?"

मी "हो हो" म्हणत राहिलो. मुसकी सोडायची राहिलीच होती. कुणाला काही ऐकूच गेलं नाही.