टिंबाला देठ

खांदा कॉलनीत बारीक पात्याच्या मशीनवर लाकडाची अक्षरं कापणारी एक बाई हाय. नाव मी विचारलं नाय. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि दर वळणाआधी फुंकर मारून भुसा उडवायची सवय.

नव्या घराच्या दारावर बायकोचं नाव लावायचं म्हणून मी आमच्याच फणसाची फळी नेली. नाव चंद्रा.

"आजोबा, अक्षरं वरच्या रेघेला धरून राहतील," ती म्हणाली, "टिंब मात्र सुटून पडेल. काढू का?"

"मग चद्रा होईल. मी दुसरीपर्यंतच शिकलोय, पण बायकोचं नाव चुकवणार नाय," म्हटलं आणि स्टुलावर बसूनच राहिलो.

ती हसली. टिंबापासून रेघेपर्यंत तिने बारीकसा देठ काढला आणि देठासकट टिंब कापलं. काचपेपर मारून जवसाचं तेल चोळलं, तशी फळी मधासारखी दिसायला लागली. मी चकचकीत पॉलिश मागितलं, ते काही तिने मारलं नाय. माझ्याहून हट्टी.

"आता आजींनी कितीही जोरात दार आपटलं तरी टिंब पडणार नाही."

आमच्याकडे दार आपटतं हे तिला कोणी सांगितलं, कोण जाणे. परवाच आपटलं. मी बाहेरच होतो. वर बघितलं. टिंब जागेवर हाय.