बेलापूरचा रुमालवाला

गिऱ्हाइकाशी इतकं वाईट वागूनही दुकान चालवता येतं, हे मी बेलापूरच्या रुमालवाल्याकडे पाहिलं. तो 'या' म्हणायचा नाही, 'काय हवंय' विचारायचा नाही. चष्म्यावरून बघत एकच प्रश्न टाकायचा, "फोटो कशाचे काढणार?" उत्तर पटलं नाही तर मान खाली घालून पुन्हा हातातला स्क्रू पिळायला लागायचा. सरकारी कचेऱ्यांच्या मागे, एका झेरॉक्सवाल्याच्या आणि एका नोटरीच्या मध्ये त्याचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं.

मी तेव्हा घाईत होतो. शिरवण्याजवळच्या एका कंपनीत सहा वर्षं पॅकिंगला घालवून नोकरी सोडली होती. घणसोली गावात भाड्याने खोली घेऊन बाहेर स्टुडिओचा बोर्डही लावला होता. फक्त कॅमेरा नव्हता. खिशात बावीस हजार होते आणि पंधरा दिवसांवर चुलतबहिणीचं लग्न. त्या लग्नाचे फोटो बघून ऑर्डर द्यायची, असं नात्यातली चार घरं बोलून बसली होती. फोटो जमले तर धंदा सुरू, नाही तर परत पॅकिंग.

भाजीवालीपासून घरमालकापर्यंत कोणाचाही पहिला भाव मी आजवर दिलेला नाही. बापाने काही ठेवलं नव्हतं, जे आहे ते तोंडाच्या जोरावर उभं केलं. कॅमेऱ्यासाठी मी पाच दुकानं पालथी घातली. नवा कॅमेरा, दोन लेन्स, वर बॅग, ट्रायपॉड, कार्ड सगळं फ्री, आणि हप्त्यांची सोय. फ्री ऐकलं की माझे कान उभे राहतात. पण भाव कितीही खाली ओढला तरी बावीसला कोणी येईना. मग कोणीतरी या माणसाचा पत्ता दिला.

"फोटो कशाचे काढणार?"

"सगळ्याचे."

"सगळ्याचे काढणाऱ्याला मोबाईल पुरतो."

"लग्नाचे काढणार, काका."

"हां. मग बस." बसायला स्टूल नव्हतं.

मी मेगापिक्सेल विचारले. "किती पाहिजेत? नाक्यावर वाढदिवसाचे बॅनर लावणार आहेस?" असं म्हणून त्याने कपाटातून कोपरे घासलेला एक जुना कॅमेरा काढला. जुनी बाईक घेताना किलोमीटर बघतात, तसे कॅमेऱ्याचे क्लिक बघायचे, म्हणाला, आणि आकडा माझ्यासमोर धरला. त्यावर झूम न होणारी एक बुटकी लेन्स चढवली. मी म्हटलं, लांबचं कसं काढायचं? "दोन पावलं पुढे जायचं. पावलं फुकट आहेत." बाजूला उभा असलेला वकील हसला. मला तो कॅमेरा तिथेच त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

भाव एकवीस हजार. मी पंधरापासून सुरुवात केली, रागावलो, दारापर्यंत जाऊन परत आलो. माझी सगळी हत्यारं वापरून झाली. तो फक्त "एकवीस" म्हणत राहिला. मग त्याने खणातून धुतलेला पांढरा रुमाल काढला आणि काउंटरवर पसरला. हे नाटक तो प्रत्येकासमोर करायचा, नावच त्यावरून पडलेलं. "काढ याचा फोटो," म्हणाला. मी काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर रुमाल मळकट दिसला. त्याने एक बटण दाबलं, चाक जरा फिरवलं, पुन्हा काढायला लावला. आता पांढरा दिसला.

"बघितलंस?"

"बघितलं. बॅग देताय ना?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, रुमालाची घडी घातली आणि खण बंद केला. बॅग दिली नाही. एकवीस हजारांचा कॅमेरा मी बाजाराच्या पिशवीत घालून घरी नेला.

आमच्यात लग्न पांढऱ्यात होतं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्यात, विधी सांगणारे बौद्धाचार्य पांढऱ्यात, समोर बसलेल्या बायकाही पांढऱ्या साड्यांत. पंचशील चालू असताना मी दोन पावलं पुढे जाऊन जाऊन फोटो काढले. तिसऱ्या दिवशी अल्बम काकूच्या हातात दिला. काकू आमची परभणीकडची. तिने पानं उलटली आणि हळूच म्हणाली, "काय रे, लेकीला मळकं लुगडं नेसवलं व्हतं का आमी?"

सगळं लग्न राखाडी आलं होतं. शेजारच्या बाईनेही तोंड वाकडं केलं. साडी काकूने स्वतः दादरला जाऊन घेतली होती. चार घरांनी दुसरा फोटोग्राफर बघितला, तेही मला न सांगता.

मी बेलापूरला गेलो ते भांडायलाच. "कॅमेरा खराब आहे तुमचा!" नोटरी शिक्का मारायचा थांबला. रुमालवाल्याने शांतपणे खण उघडला आणि तोच रुमाल पसरला.

"समोर पांढरं जास्त असलं की कॅमेरा घाबरतो आणि फोटो काळवंडतो. चाक कुठे फिरवायचं ते दाखवलं होतं."

"मग दोनदा सांगायचं होतं!"

"तू दोनदा बॅग मागितली असतीस."

मला आजही राग आहे तो त्या खणाचा. माणूस चुकतोय हे दिसत असताना त्याने खण बंद केला. मी गिऱ्हाईक होतो, त्याचा विद्यार्थी नव्हतो. पण त्याने माझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड ठेवून घेतलं, तीन दिवस बसून एकेक फोटो कॉम्प्युटरवर उजळून दिला, आणि फोटोमागे पाच रुपये घेतले. पावणेपाचही नाही. काकूने नवा अल्बम छातीशी धरला, सगळ्या गल्लीला दाखवला. चारपैकी एक घर परत आलं. तिथून माझा धंदा सुरू झाला.

पुढची चार वर्षं मी त्याच्याकडेच जात राहिलो, प्रेमाने नाही. त्याने सांगितलेला भाव मी दरवेळी तीन ठिकाणी तपासायचो, आणि दरवेळी त्याचाच सगळ्यात कमी निघायचा. घासाघीस करणाऱ्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही. त्याला एक रुपया तरी खाली आणायचा, एवढीच माझी इच्छा राहिली होती. लग्नात उभा राहिलो की मी आधी खिशातला पांढरा रुमाल खुर्चीवर टाकून एक फोटो काढतो. लोकांना वाटतं जागा धरली.

मागच्या वर्षी तो दुकान आवरत होता. मोबाईलमुळे गिऱ्हाईक उरलं नाही, डोळेही साथ देईनात, मुलीकडे नागपूरला निघाला होता. कपाटं रिकामी होती. एकच लेन्स उरली होती, मला हवी असलेली.

"नऊ हजार," तो म्हणाला. स्क्रू नसतानाही त्याची बोटं पिळल्यासारखी हलत होती. मी नऊ हजार काढून दिले.

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "आज काही बोलला नाहीस?"

"नाही."

"मी हजार कमी करायचं ठरवून बसलो होतो."

"मग करा ना!"

"आता दिलेस."

माझं डोकं फिरलं. "काका, निदान बॅग तरी द्या!"

"नाही."

मी खिशातून रुमाल काढला आणि रागारागाने लेन्स त्यात गुंडाळायला लागलो. त्याने हात पुढे करून रुमालाचं टोक बोटांत धरलं, उजेडाकडे वळवून पाहिलं.

"धुतलेला ठेवत जा," म्हणाला, आणि सोडला.