स्पिरिटचा बोळा

सुई टोचण्याआधी नर्स दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते आणि मला आजही मळमळतं. सुईने नाही, त्या वासाने.

नव्वदच्या आसपासची गोष्ट, आम्ही नववीत होतो. भिवंडीहून आमच्या वर्गाला मुंबईच्या एका कलासंग्रहालयात नेलं होतं, किशोरवयीन मुलांना कलेची गोडी लागावी म्हणून. एका दालनात जुनी पैठणी उघडीच टांगलेली होती. माझी मैत्रीण रेहाना सरळ पुढे गेली आणि पदर चिमटीत धरून चोळून बघायला लागली. आमच्याकडे कपडा असाच बघतात.

"शी! हात बघ तुझे!" कार्यक्रम घेणाऱ्या संग्रहालयाच्या बाई किंचाळल्या.

"कपडा बघत होते, मॅडम," रेहाना म्हणाली. सकाळी अब्बांच्या पॉवरलूमवर काम करून आली होती. तळहाताच्या रेषांत काळं तेल बसलेलं.

बाईंनी स्पिरिटचे बोळे मागवले आणि आम्हा सगळ्यांना हात पुसायला लावले. शेजारी मुंबईच्या शाळेची मुलं बसली होती, त्यांना नाही. मग गोड हसून कागद वाटले. "आता मनातलं काढा हं!"

रेहानाने उजवाच हात पुसला होता. तिने डावा पंजा कागदावर दाबला, काळा तेलकट ठसा उमटला.

"अय्या, किती अस्सल!" म्हणत बाईंनी तो कागद भिंतीवर मधोमध लावला. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

बाईंची बोटं मला आत्ता दिसतात. मेलेला उंदीर शेपटीने उचलावा, तसा त्यांनी तो कागद कोपऱ्याला धरला होता.