सहा खाटांचं हॉस्पिटल आणि आमच्या सासूबाई

आयर्लंडमधल्या मलिंगारच्या मोठ्या हॉस्पिटलात काही वर्षं काढल्यावर मी सहा महिन्यांसाठी पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या एका बेटावर बदली डॉक्टर म्हणून गेले. नवरा म्हणाला, "तेवढाच हवापालट होईल." झाला. तिथली हवा दिवसातून इतक्यांदा पालटायची की बाहेर पडताना काय घालावं याचा विचार मी दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिला. बेटाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं रागावतील, आणि न सांगितलं तरी रागावतील, पण दुसऱ्या रागात चहा मिळतो.

हॉस्पिटल मात्र सांगण्यासारखं आहे. इंग्रजांच्या काळात किनाऱ्यावर नजर ठेवायला बांधलेलं ते एक ठाणं. पुढे कुणीतरी ते जाळलं. कुणी जाळलं हे बेटावर प्रत्येकाला पक्कं माहीत आहे, आणि प्रत्येकाच्या माहितीप्रमाणे ते त्याचे स्वतःचे आजोबा होते. मग डागडुजी करून तिथे तापाच्या रोग्यांना ठेवू लागले. नंतर नन आल्या, त्यांच्यानंतर सरकार आलं. जो तो जाताना काहीतरी मागे ठेवून गेला. ठाणेवाल्यांनी खिडक्या ठेवल्या, ज्यांतून समुद्र आणि फाटक सोडून काही दिसत नाही. ननांनी दाराशी पवित्र पाण्याचं दगडी भांडं ठेवलं. सरकारने त्या भांड्यात सॅनिटायझरची बाटली ठेवली. गावातल्या म्हाताऱ्या येता-जाता बाटली दाबतात, बोट ओलं करतात आणि त्याच बोटाने छातीवर क्रूस काढतात. संसर्गही पळतो आणि सैतानही.

सेवा म्हणाल तर भरपूर. सहा खाटांचा वॉर्ड. मलमपट्टीची खोली. मंगळवारच्या बोटीने व्यायाम करून घेणाऱ्या बाई येतात. महिन्यातून एकदा पायांचा डॉक्टर येतो, त्या दिवशी अख्खं बेट नवे मोजे घालून रांगेत बसलेलं असतं. एक्स-रे नाही. रक्ताचे नमुने सकाळच्या बोटीने जातात, आणि समुद्र खवळला की रक्तालाही सुट्टी. कुणी फारच अत्यवस्थ झालं तर हेलिकॉप्टर फुटबॉलच्या मैदानात उतरतं. चालू सामना थांबतो, बघे टोप्या काढून उभे राहतात, हेलिकॉप्टर दिसेनासं झालं की मघाचा गोल झाला होता की नाही यावर भांडण सुरू होतं. बाळंतपणं मात्र आता होत नाहीत, त्यासाठी बायका आधीच पलीकडे जाऊन राहतात. पूर्वी सहा खाटांचा हा वॉर्डच बाळंतिणींचा होता. खिडकीशेजारच्या खाटेवरचे आजोबा समोरचा कोपरा दाखवून म्हणायचे, "तिथे जन्मलो. तिथून इथवर यायला ऐंशी वर्षं लागली."

आता आमच्या सासूबाई. त्या गडहिंग्लजहून तीन महिन्यांसाठी आमच्या शहरातल्या घरी, ओंगारला आल्या होत्या. नवरा दिवसभर कानाला हेडफोन लावून खोलीत कोंडलेला. नातवाला "जेवलास का रं?" विचारलं तर तो "आयम ग्रँड, आजी", म्हणजे इथल्या भाषेत 'मी मजेत', म्हणून पळणार. रस्त्यावर एकसारखी घरं आणि माणूस औषधालाही नाही. पंधरा दिवसांनी मी सुट्टीला घरी गेले तर त्यांनी बॅग भरलेली. "मी तुझ्यासंगं येते बेटावर. निदान समुद्र तरी बोलंल," त्या म्हणाल्या. सासू टाळायला सुना काय काय करतात, आणि माझी सासू बोटीत बसून माझ्या मागे आली.

डॉक्टरचं घर हॉस्पिटलला चिकटूनच होतं, मध्ये एक दार. दुसऱ्याच दिवशी भेटीच्या वेळेला सासूबाई ते दार उघडून, हातात शिऱ्याचा डबा घेऊन वॉर्डात हजर झाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आमच्या मेट्रनने एक चमचा शिरा खाल्ला, क्षणभर डोळे मिटले आणि भेटीच्या वेळात कुणीही यावं असा निर्वाळा दिला. ही बाई आवाज न चढवता माणसाला गार करायची, तीच शिऱ्याने गार झाली.

सासूबाई प्रत्येक खाटेशी थांबून मला एकच प्रश्न विचारत होत्या. "ह्यांच्याजवळ कोन हाय?"

आपल्याकडे दवाखान्यात रोगाच्या आधी हाच प्रश्न येतो. पेशंटजवळ कोण आहे? औषध आणायला, चहा आणायला, रात्री खाटेखाली चटई टाकून झोपायला माणूस लागतोच. मी समजावलं की इथे सगळं हॉस्पिटलच करतं, जवळ कुणी लागत नाही.

"करनारं न्हाई इचारत मी," त्या म्हणाल्या. "बसनारं कोन हाय?"

पाच जणांचं कुणी ना कुणी यायचं. खिडकीजवळच्या आजोबांचं कुणीच नाही. लग्न केलेलं नाही. छातीत पाणी होऊन आले होते, त्यातून बरे झाले, वॉकर घेऊन चालायला लागले. पण घर बेटाच्या पार टोकाला, एकटं, आणि तोल अजून जायचा. येत्या गुरुवारच्या बोटीने सोशल वर्कर बाई येणार होत्या. घरी सकाळ-संध्याकाळ बघायला माणूस असेल तर आजोबा घरी, नसेल तर पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात. आणि तशा बोटीने गेलेलं माणूस परत येतं ते शवपेटीतूनच, हे बेटावर सगळ्यांना माहीत होतं. मी आजोबांना गुरुवारचं सांगितलं तेव्हा ते नेहमीसारखे "ग्रँड" म्हणाले आणि त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी शिरा तसाच राहिला. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण न खाल्लेला शिरा त्यांना बरोबर कळला. सगळा प्रकार त्यांनी माझ्याकडून वदवून घेतला.

"आनि त्यो कोन?" त्यांनी विचारलं.

खिडकीतून फाटक दिसायचं. फाटकाबाहेर टोपी घातलेला एक म्हातारा कुत्रा घेऊन उभा होता.

"कुत्रा फिरवतोय," मी म्हटलं.

"कुत्रं कवाचं बसलंय. फिरवतोय कुटं?"

मी मेट्रनला विचारलं. तिने आधी दार लावून घेतलं. तो आजोबांचा चुलतभाऊ. शेजारीच घर. दोघांच्या शेतांमध्ये दगडी भिंत आहे, ती कुणी कुणाच्या हद्दीत सरकवली यावरून दोघं तरुणपणापासून बोलत नाहीत. आजोबा इथे आल्यापासून तो रोज भेटीच्या वेळेला फाटकाशी येऊन उभा राहतो. बेटावर ही गोष्ट कुणी काढत नाही. दिसलाच तर सगळे म्हणतात, युअर मॅन, म्हणजे 'तो आपला अमका', कुत्रा फिरवतोय.

मी हे सासूबाईंना सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आयर्लंडात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना पूर्ण कळेल असं काहीतरी भेटलं होतं. "म्हंजे बांधाची भांडनं इथंबी हाईत!" त्या म्हणाल्या. "मग ह्यो कुत्र्यावाला न्हवं. ह्यो पेशंटचा मानूस."

"आई, यात आपण पडायचं नाही," मी म्हटलं. "हे आपलं गाव नाही. इथे कुणाच्या घरगुती भानगडीत नाक खुपसत नाहीत."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. इतक्या लगेच त्या कधी ऐकत नाहीत, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकाच्या कानातला मळ काढत होते. खिडकीबाहेर पाहिलं तर नऊवारी नेसलेल्या, वर माझ्या नवऱ्याचं जाकीट चढवलेल्या सासूबाई फाटकाकडे निघालेल्या. त्यांनी त्या म्हाताऱ्याची बाही धरली. तो इंग्रजीत काहीतरी म्हणाला, त्या मराठीत काहीतरी म्हणाल्या, कुत्रा दोघांकडे बघून भुंकला. मग कुत्र्याची दोरी फाटकाला बांधली गेली आणि शाळेतून पळालेल्या पोराला आणावं तसं त्या माणसाला घेऊन सासूबाई वॉर्डात आल्या. आजोबांच्या खाटेशी खुर्ची ओढली आणि त्याला बसवलं. "बसा," त्या म्हणाल्या. तो बसला.

मेट्रन औषधांच्या गाडीआड उभी. मी कानाचं काम सोडून आले होते, तो पेशंटही माझ्या मागे येऊन उभा राहिला. दोघे म्हातारे समोरासमोर, पण एक छताकडे बघतोय, एक आपल्या टोपीकडे.

शेवटी चुलतभाऊ म्हणाला, "तुझी गाय माझ्या रानात आहे."

"भिंत नीट बांधली असतीस तर आली नसती," आजोबा म्हणाले.

आणि मग जे सुरू झालं! इतक्या वर्षांचं साठलेलं. भिंत, गाय, कुणाच्या तरी वडिलांनी कुणाला तरी दिलेला एक नांगर. आजोबांचं ब्लडप्रेशर असं काही चढलं की मला मधे पडून चुलतभावाला बाहेर काढावं लागलं. त्याने जाता जाता दारातून भिंतीचा आणखी एक मुद्दा सांगितला.

घरी आल्यावर मी सासूबाईंवर तोंड टाकलं. माझी नोकरी, त्यांचं वय, पेशंटचं हृदय, सगळं काढलं. त्या कांदा चिरत होत्या. मग म्हणाल्या, "तुझे सासरे दवाखान्यात हुते ना, तवा भावजी रोज यायचे. गेटाबाहेर, त्या बदामाच्या झाडाखाली. शेतावरनं, हिरीवरनं बोलनं बंद हुतं. मी वरनं बगायची. ह्यांना न्हाई सांगितलं, त्यांनाबी वर बोलिवलं न्हाई. म्हटलं, आपला आपन येऊ दे की. मग हे गेलेच." त्यांनी चिरलेला कांदा ताटलीत लोटला. भाजी मीच फोडणीला टाकली.

चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी आपणहून आला, भांडायला. सोमवारी आला, मंगळवारी आला. आजोबा दुपारपासून केस विंचरून, मुद्दे जुळवून तयार बसायचे. जेवू लागले, वॉकर न घेता दारापर्यंत जाऊ लागले. पण भांडायला येणं वेगळं आणि सकाळ-संध्याकाळ सांभाळणं वेगळं, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. त्यात बुधवारी तो आलाच नाही. आजोबा वेळ संपेपर्यंत फाटकाकडे बघत राहिले. मला त्या माणसाचा असा राग आला की काय सांगू.

गुरुवारी मेट्रनच्या खोलीत बैठक. सोशल वर्कर बाई, मेट्रन, मी आणि कोट घालून ताठ बसलेले आजोबा. बाई स्वभावाने फार गोड. त्यांनी हळूच विचारलं, "घरी बघायला कुणी आहे का?"

"कुणी नाही," आजोबा म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि वृद्धाश्रमातल्या बागेचं वर्णन सुरू केलं. आजोबा ऐकत होते. आपला एक हात दुसऱ्या हाताने त्यांनी घट्ट दाबून धरला होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं. चुलतभाऊ. चर्चला जायचा कोट, ओले केस, आणि नखांत काजळी. आदल्या दिवशी तो आजोबांच्या घराचं धुराडं साफ करत होता, असं मेट्रनने मला नंतर सांगितलं. त्याने आजोबांकडे बघितलंही नाही, तो सरळ बाईंना म्हणाला, "त्याला सांगा, भिंत माझीच आहे."

मी कपाळाला हात लावला.

"आणि सांगा," तो पुढे म्हणाला, "सकाळी सातला येऊन मी शेगडी पेटवीन. रात्रीचं जेवण घेऊन येईन."

आजोबा छताकडे बघत बसले. इतका वेळ बसले की बाईंनी पेन खाली ठेवलं. हा हट्टी माणूस भिंतीपायी बोटीत बसतो की काय, अशी मला धडकी भरली.

"त्याला सांगा," आजोबा म्हणाले, "सातला मी उठत नाही. आठ."

"मग भिंतीचं काय ठरलं?" बाईंनी भाबडेपणाने विचारलं. मेट्रनने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

मी धावत बाहेर आले. सासूबाई बोळातल्या बाकावर बसल्या होत्या. "आई, आजोबा घरी चालले!" मी सांगितलं. मला वाटलं, आता महिनाभर ही बढाई ऐकावी लागणार. त्या नुसत्या मान हलवून म्हणाल्या, "चांगलं झालं." मग थोड्या वेळाने, "भावजींचा नंबर हाय का गं तुझ्या फोनात?"

होता. मी लावून दिला. तिकडे घंटी वाजायला लागली तशी त्यांनी माझं मनगट धरलं. "काय बोलू गं?"

"भांडा," मी म्हटलं.

पलीकडून खरखरीत आवाज आला, "कोन बोलतंय?"

सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "भावजी," त्या म्हणाल्या, "माझ्या हिरीवरची मोटार कुनाला इचारून काढलीसा?"

मला वाटलं, आता ते फोन ठेवणार.

"वहिनी," मग तिकडून आलं, "जेवलासा काय?"

"अजून न्हाई," सासूबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून लहान पोरीसारख्या रडायला लागल्या. त्यांच्या शेजारी बसून मीही रडून घेतलं.