मिलिंदच्या दुकानाची फरशी

माझा भाऊ गाडीखाली मेला.
गाडी चालू नव्हती. तिला चाकंसुद्धा नव्हती.

आज वर्ष झालं. सकाळपासून लोक त्याचा फोटो स्टेटसला टाकतेत आन खाली लिहितेत, "नियतीला मान्य नव्हतं."
नियतीला मधी आणू नका. मी तिथंच होते. काय झालं ते मी सांगते.

मिलिंद माझ्या पाठचा. पुण्यात आठ वर्षं गाड्या मॉडिफाय करायच्या वर्कशॉपला होता. मोठे टायर, बंपर, जीप उंच करणं, हे त्याचं काम.
एक दिवस बॅग घेऊन केजला आला. म्हणला, "आक्का, आता स्वतःचं."

मी म्हणलं, "केजात कोण गाड्या सजवतंय रे?"
"कावून? पुढारी कमी हायेत का आपल्याकडं?"

बजेट लई बारकं. रोडच्या कडंला रानाचा तुकडा भाड्यानं घेतला, पत्र्याचं शेड मारलं.
काळी माती. तिच्यावर वाळू टाकली आन वर शहाबादी फरशी मांडली. खाली मुरूम न्हाई, सिमेंटचा कोबा न्हाई.
कोबा किंवा वेल्डिंग मशीन, दोन्हीतलं एकच जमत होतं. मशीन घेतलं.

गाडी उचलायची लिफ्ट तर लांबच. त्यानं जुन्या पाइपाच्या चार घोड्या बनवल्या. जॅकनं गाडी उचलायची, चार कोपऱ्याला चार घोड्या लावायच्या, आन आपण खाली शिरायचं.
वेल्डिंग असं, की घणानं हाणून बघितलं तरी हललं न्हाई.

दोन महिने कामाचं गिऱ्हाईक फिरकलं न्हाई. लोक यायचे, बोर्ड वाचायचे, पंक्चर काढता का इचारायचे.

मग मीच म्हणलं, गाड्या धुवू. त्याला काय लागतं? पाइप लागतो आन हात लागतात.
"आक्का, हे वॉशिंग सेंटर न्हाई. कस्टम शॉप हाय."
"मग कस्टम खाऊन दाखव."

धुवायला मीच उभी राहिले. नवरा वारल्यापासून मी माहेरीच, घरी बसून तरी काय करणार होते? बाई गाड्या धुती म्हणून लोक हसले. हसू द्या. गाड्या यायला लागल्या.

पाणी बाहेर जावं म्हणून मी नाली काढली. पण शेडाचा उतार आतल्या बाजूला. निम्मं पाणी फरशीच्या सांदीतून खाली जायचं.
दिसायचं न्हाई. म्हणून वाटायचं, गेलं.

शेजारी बांधकामाला आलेला म्हातारा गवंडी एकदा उभा राहून बघत बसला. म्हणला, "बाई, ह्या जागंला पाणी दाखवू नका."
मी म्हणलं, "मग गाड्या काय थुंकीनं धुवू?"
तो वल्यातून चपला हातात घेऊन आला तसा निघून गेला.

त्यानंतर शटर अडायला लागलं. मातीच फुगत होती, आमी तेल सोडत बसलो.
मागच्या कोपऱ्यातल्या फरशीवर पाय दिला की पोकळ वाजायचं.
हातातून नट पडला की दर येळेला घरंगळत त्याच कोपऱ्यात जायचा.
मिलिंद म्हणायचा, "बरं हाय की. शोधायचं काम न्हाई."
मी पण हसायचे.

मग जीप आली.

एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. मिरवणुकीसाठी उघडी जीप उंच करून पाहिजे होती. पुढारी उभे राहिले की पार मागच्या माणसाला दिसले पाहिजेत.
मिलिंद लई खूश. एवढं एक काम नावाजलं की लाइन लागंल म्हणला.
कार्यकर्त्यांचे दर तासाला फोन. "झालं का बे? झालं का बे?"

मी म्हणलं, "आता तरी कोबा करू की रे."
"ही जीप गेली की लगेच करू, आक्का. शब्द."

त्या दिवशी सकाळी मी दोन पिकअप धुतल्या. चिखलानं भरलेल्या होत्या, पाणी लई लागलं.
दुपारी तो जीपखाली गेला. चारी चाकं काढलेली, चारी घोड्या लावलेल्या.

खालून हाक मारली, "आक्का, सतराचा पाना दे."
मी म्हणलं, "थांब की, हात वले हायेत."

मोठा आवाज न्हाई झाला. फरशी तडकली, तेवढाच. मागच्या कोपऱ्यातली घोडी मातीत गेली. जीप एका अंगानं बसली.

रोडवरची दहा-बारा माणसं धावली. हातानं जीप उचलली. उपयोग न्हाई झाला.

जीप दुसरीकडं नेऊन पुरी केली. मिरवणूक ठरलेल्या दिवशी निघाली. आमच्या गल्लीपर्यंत डीजे ऐकू येत होता.

आन मातीला आलेले लोक काय म्हणत होते? "घोडी कच्ची होती. भंगाराच्या पाइपाची. स्वतःच्या हातानं मेला."
आजही म्हणतेत. पुण्याहून अर्धवट शिकून आलता म्हणतेत.

तर ऐका. चारी घोड्या माझ्याकडं हायेत. एकीचाही टाका सुटलेला न्हाई. आज विहारात पुण्यानुमोदनाला याल तेव्हा घरी या, हात लावून बघा.
त्याचं काम पक्कं होतं.
खालची माती मी भिजवली. रोज, स्वतःच्या हातानं. नाव घ्यायचं तर माझं घ्या.

मागच्या आठवड्यात दिंद्रुडचा एक जण आलता. नवीन दुकान टाकलंय, घोड्या विकत मागत होता.
मी इचारलं, "खाली काय हाय तुझ्या?"
म्हणला, "रानच होतं, ताई. फरशी टाकली की आता."
"आन गाड्या धुतोस?"
"धुवाव्या लागतेत. सुरुवातीला दुसरं काय चालतंय?"

मी घोड्या दिल्या न्हाईत. कोबा कर म्हणलं, हात जोडले.
म्हणला, "सीझन गेला की करतो."
त्याचा फोन दोन दिवस झाले लागत न्हाई.

कालकथित मिलिंदला त्याच्या आक्काची आदरांजली.
जयभीम, बाळा.