चौकटीतलं नाव

रेहाना काझी मॅडम मीटिंगला आल्या की आधी बसायच्या नाहीत. सरळ फळ्याकडे जायच्या आणि मार्करने चौकटी काढायला लागायच्या. एक चौकट म्हणजे आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरचं एक काम: साठा, बिलं, गाड्या, ग्राहकांचे पत्ते. मग प्रत्येक चौकटीखाली लिहायला त्या एका माणसाचं नाव आणि त्याचा मोबाइल नंबर मागायच्या. कोणी "स्टोअर्स डिपार्टमेंट" असं उत्तर दिलं की मार्कर तसाच थांबायचा. "डिपार्टमेंट फोन उचलत नाही, बाबा. माणूस उचलतो. माणसाचं नाव सांग." नाव मिळेपर्यंत गाडं पुढे सरकायचं नाही, आणि मुंबईहून आलेले साहेब घड्याळाकडे बघत बसायचे.

आमची कंपनी औषधांच्या वितरणाची. हेड ऑफिस मुंबईत, पण खरा माल भिवंडीत. अंजूरच्या बाजूला शेतं बुजवून एकामागून एक गोडाऊनं उठत होती, त्यांतली चार आमची होती. प्रत्येक गोडाऊनचं सॉफ्टवेअर वेगळं, बिलिंगचं वेगळं, ट्रान्सपोर्टचं तिसरंच. कुणाचं कुणाशी बोलणं नाही. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत सगळ्या बड्या कंपन्यांना एकच वेड लागलं होतं, सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर. मोठं नाव आहे, पण गोष्ट साधी आहे. एक काम एकाच ठिकाणी नीट करायचं, आणि बाकीच्यांनी स्वतःची वेगळी नक्कल न करता त्यालाच विचारायचं. या कामाला सर्व्हिस म्हणायचं.

कल्पना उत्तम होती. तिचं आमच्याकडे जे केलं ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. सल्लागार आले, महागडी सॉफ्टवेअरं आली, आणि अंमलबजावणीचं माप एकच ठरलं, सर्व्हिस किती झाल्या. झालं, प्रत्येक खात्याने आपल्या जुन्या स्क्रीनवर 'सर्व्हिस' असं लेबल चिकटवलं आणि टाळ्या घेतल्या. तिचं उत्तरदायित्व कुणाचं, असं विचारलं की सगळे एका सुरात म्हणायचे, "टीमचं."

"टीमला घाम येतो का?" मॅडम विचारायच्या. त्या भिवंडीतल्याच नारपोलीच्या, या सगळ्याचा आराखडा आखायला कंपनीने घेतलेल्या. त्यांच्या अब्बांचे पॉवरलूम होते, आणि त्यांची आर्किटेक्चरची समज तिथूनच आलेली होती. मी त्यांच्या हाताखालचा प्रोग्रॅमर. मला एकदा त्या म्हणाल्या, "विनायक, लूमवर बीम यायचा ना, ताण्याच्या धाग्यांचा मोठा रूळ, तो धाग्याला खळ लावणाऱ्या साइझिंगवाल्याकडून यायचा. बीमवर त्याचं नाव खडूने लिहिलेलं असायचं. धागे तुटायला लागले तर अब्बा थेट त्याच्या दारात. तो म्हणू शकत नव्हता की हमारी टीम ने किया. यांच्या सर्व्हिसवर खडूचं नाव कुठंय?" त्या कॉम्प्युटरच्या पदवीधर होत्या, चांगल्या नोकऱ्या करून आल्या होत्या, पण कंपनीचं इंग्रजी सादरीकरण संपलं की असं घरचं बोलून विषय संपवायच्या, आणि साहेबांना ते मुळीच आवडायचं नाही.

बाकी सगळ्या चौकटींना त्यांनी भांडून नावं मिळवली. एक रिकामी राहिली. बॅच रोखायच्या कामाची. एखाद्या औषधाच्या बॅचमध्ये दोष निघाला की मुंबईचा क्वालिटी विभाग सूचना पाठवणार, ती या सर्व्हिसकडे नोंदणार, आणि गोडाऊनमधून गाडी सुटण्याआधी गेटपास छापणारं सॉफ्टवेअर या सर्व्हिसला विचारणार: यात रोखलेला माल आहे का? सर्व्हिस बंद असेल तर गेटपास छापलाच जात नाही, हे मॅडमनी स्वतः बसवलं होतं. क्वालिटीवाले म्हणाले, आमचं काम सूचना पाठवणं. स्टोअर्सवाले म्हणाले, आमचं काम माल ठेवणं. या सगळ्या सर्व्हिस-प्रोग्रॅमचे प्रमुख साहेब गोड हसून म्हणाले, "ही सामूहिक जबाबदारी आहे." आणि सर्व्हिस चालू करून टाकली. अडलेल्या सूचना एका सामायिक मेलबॉक्समध्ये पडतील, तो टीम बघेल, असं ठरलं. टीममधल्या प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा बघतोय.

दिवाळीच्या आधीची धावपळ. लहान मुलांच्या तापाच्या औषधाची एक बॅच रोखा, अशी सूचना मुंबईहून निघाली. त्या उत्पादकाने बॅच नंबर लिहायची पद्धत बदलली होती, म्हणून सर्व्हिसने ती सूचना नाकारली आणि ती मेलबॉक्समध्ये जाऊन पडली. मुंबईच्या स्क्रीनवर मात्र 'पाठवली' असं हिरव्या अक्षरांत दिसत होतं. क्वालिटीतल्या एका बाईंनी नशिबाने अंजूरच्या गोडाऊनला फोन करून विचारलं, माल बाजूला काढला ना? स्टोअरकीपर पाटलांनी लगेच मॅडमना फोन लावला. मी शेजारीच होतो, स्पीकर चालू होता.

"मॅडम, आमाला कायच आलेला न्हाय. तो माल त सकालीच गेला. गाडी वाड्याचे रस्त्याला लागली आसंल."

मॅडम ड्रायव्हरचा नंबर शोधत होत्या तोच, भर दुपारी, साहेबांनी सगळ्यांना मीटिंगला बसवलं. मला वाटलं, आधी गाडी थांबवायचं बोलणं होईल. कसलं काय! पहिला प्रश्न आला, याला जबाबदार कोण? प्रमुख साहेबांनी लॅपटॉपवर मॅडमच्या त्या चौकटींचा तक्ता उघडला, भिंतीवर दाखवला, आणि आमच्या देखत त्या रिकाम्या चौकटीत टाइप केलं: रेहाना काझी. वर म्हणाले, "नाव असावं, ही तुमचीच मागणी होती ना?" कित्येक महिने जी बाई एका नावासाठी दारोदार फिरली, तिच्याच गळ्यात ते बांधलं, तेही घर जळायला लागल्यावर. इतका निर्लज्जपणा मी त्याआधी पाहिला नव्हता. मी काहीतरी बोलायला उठलो, तर मॅडमनी हातानेच मला बसवलं.

"सेव्ह करा," त्या म्हणाल्या. "झालं सेव्ह?"

"झालं."

"तुमच्याच नियमात आहे, सर्व्हिस बंद-चालू करायचा अधिकार तिच्या मालकाचा. मी मालक. अशा आणखी किती सूचना अडल्यात, कुणाला माहीत? विनायक, सर्व्हिस बंद कर."

मी केली. गेटपास छापणं थांबलं, आणि चारही गोडाऊनच्या गेटवर गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. सेल्सचे साहेब ओरडायला लागले, सणाचा माल आहे, कंपनी बुडेल. मॅडम म्हणाल्या, "बुडू दे थोडी. बच्चे बुडायला नकोत." मग त्या बाहेर येऊन ड्रायव्हरला, मग एकेका मेडिकलवाल्याला फोन करत बसल्या. गाडी परत फिरली. वाटेत उतरवलेले खोके परत आले. वाटेवरच्या दिघाशी गावातल्या दुकानातून एक बाटली विकली गेली होती. तो दुकानदार स्वतः त्या घरी गेला आणि सीलबंद बाटली परत घेऊन आला. त्याचा फोन आल्यावर मॅडमनी डोळे मिटले, पाणी मागितलं, आणि मुंबईची प्रत्येक सूचना ताडून पाहिल्यावरच सर्व्हिस चालू केली.

त्याचं बक्षीस म्हणून त्यांना पत्र मिळालं. अधिकाराचा अतिरेक, व्यवसायाचं नुकसान. महिनाअखेरीला त्यांना काढलं. निरोपाचा चहासुद्धा नाही. आणि नंतर एका हॉटेलात प्रोग्रॅमच्या यशाचा समारंभ झाला, तेव्हा प्रमुख साहेबांनी नमुना म्हणून कुठली सर्व्हिस दाखवली? हीच. दोष पकडून काही तासांत माल परत आणणारी आमची टीम, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जेवण न करताच उठलो आणि तडक नारपोलीला मॅडमच्या घरी गेलो.

मी तावातावाने सगळं सांगत होतो, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. पाटील होते. "मॅडम, यो इंजेक्शनचा माल आलाय. मुंबईवाले रोखायचा सांगतान, पन हितं मशीन त सोर म्हनते. काय करू?" मॅडमनी बॅच नंबर विचारला, दोनदा म्हणवून घेतला. "सोडू नका, पाटील. रेहाना काझीने रोखलाय म्हणून सांगा."

"मॅडम, तुम्हाला काढलंय त्यांनी. पगार नाही, काही नाही. तुम्ही फोन का उचलता?"

"चौकटीत अजून माझंच नाव आहे. दुसरं लिहा म्हणून मी कितीदा कळवलं. कोणी तयार होत नाही." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "मी उचलला नाही तर पाटलांनी कुणाला विचारायचं? टीमला?"

राग होताच, पण तो साहेबांवर ओतून काही होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी तक्ता उघडला. माझ्याकडे तेवढी परवानगी होती, आणि नसती तरी मी थांबलो नसतो. त्यांचं नाव काढलं, तिथे माझं नाव आणि माझा मोबाइल नंबर लिहिला, आणि चारही गोडाऊनला कळवलं. मग मॅडमना फोन केला.

त्या म्हणाल्या, "लिहिलंस? मग आता आंघोळीला जाताना पण फोन बाहेर कुणाच्या तरी हातात देऊन जात जा."